सातच्या पोटातली रेघ

१० जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागच्या खेपेला मी 'दाढ काढली' म्हटलं तर तू 'गाडी काढलीस? कुठली?' म्हणून अभिनंदन केलंस. तेव्हा पत्रच बरं.

काम आहे. संस्थेचा इतिहास पुस्तकरूपानं छापायचा ठरलाय आणि गणिताचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. खाणीतल्या सुरुंगाची लाट स्फोटकाच्या कांडीतून कशी धावते, हे प्रत्येक वेळी कांडी उडवून बघण्याऐवजी आकड्यांनी काढायला आपण कधी आणि कसे शिकलो, असं ते प्रकरण. त्याची सुरुवात तुझ्या गणन खोलीपासून होते. संस्थेतली पहिली बाई प्रोग्रामर माझी आत्या आहे, हे मी पहिल्याच वाक्यात घुसवणार होते, पण संपादकांनी डोळे वटारले.

दोन गोष्टी सांग. आमच्या आजच्या प्रोग्राममध्ये एक आकडा आहे. तुमच्या कागदांवरून तो कार्डांवर आला, कार्डांवरून पहिल्या यंत्रावर, आणि तिथून प्रत्येक नव्या यंत्रावर तसाच उचलून ठेवला गेला. शेजारी शेरा आहे: 'मध. हात लावू नये.' पन्नास वर्षांत कुणी लावलेला नाही. हा मध म्हणजे काय?

दुसरं, 'सातव्या टेबलाचा सात'. रुजू झाल्या दिवशी ही गोष्ट प्रत्येकाला ऐकवतात. गणन खोलीतली एक मुलगी इंग्रजी सातच्या पोटात रेघ मारायला विसरली, शेजारणीनं तो एक वाचला आणि सगळ्यांची आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली. ती कोण होती? पुस्तकात नाव घालायचंय. मार्चअखेर मजकूर छपाईला जाईल.

तुझी,
भुंगी

---

२४ जानेवारी

प्रिय भुंगे,

दाढेचं मी मुद्दाम म्हटलं होतं. आता पत्राचा विषय.

आमची खोली लांबोडकी होती. एकामागे एक सात टेबलं, प्रत्येकावर हँडल फिरवायचं गणकयंत्र आणि मागे एक मुलगी. कांडीचे आम्ही बेचाळीस तुकडे मानायचो, त्यांना 'घरं' म्हणायचो. प्रत्येक टेबलाकडे सहा घरं. दर क्षणाला प्रत्येक घरातला दाब, वेग, घनता काढायची, की एक ओळ झाली. मग कडेच्या घरांचे आकडे दोन्ही बाजूच्या शेजारणींना द्यायचे आणि पुढची ओळ. एका सेकंदाच्या काही लाखाव्या भागात जी लाट कांडी पार करते, ती आमच्या खोलीतून सोमवारपासून शनिवारपर्यंत चालत जायची. सोमवारी पहिलीची तारांबळ, बुधवारी चौथीची. लाट आली नाही तोवर सातवी तेच ते आकडे लिहीत बसलेली असायची. तिला आम्ही 'आरामखुर्ची' म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, "हसा. शनिवारी सगळं माझ्याच अंगावर येतं."

मला टेबल नव्हतं. मी सगळ्यांचे कागद तपासायचे. म्हणून माझं नाव खोडरबर.

आणि मध. खऱ्या लाटेत दाब असा उडी मारतो की ती उडी कागदाहून पातळ असते. आमचं घर बोटभर रुंद. मग दोन घरांच्या मध्ये आकडे वेडे व्हायचे, खालीवर नाचायचे. साहेबांनी कुठल्याशा परदेशी नियतकालिकात युक्ती वाचली. हिशोबात खोटा चिकटपणा घालायचा. स्फोटकात तो नसतोच. पण घातला की लाट तीन-चार घरांत पसरते, तिची धार बोथट होते आणि आकडे शहाण्यासारखे वागतात. किती चिकटपणा घालायचा, तो आकडा म्हणजे तुझा मध. नाव सातवीनं ठेवलं.

सातचं म्हणशील तर फार जुनी गोष्ट आहे, नीट आठवत नाही. नाव छापू नकोस. तिचं घरदार असेल, उगाच कशाला.

गुडघ्याला तेल लावतेय. इथे थंडी आहे.

आत्या

---

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मधाला हात लावला!

ऐक. घरं अर्धी केली, म्हणजे बेचाळीसची चौऱ्याऐंशी. उत्तर बदललं. आणखी अर्धी केली, पुन्हा बदललं. प्रत्येक वेळी प्रयोगाशी जुळवायला मधाचा आकडा नव्यानं ठरवावा लागतो. म्हणजे ज्याला आम्ही स्फोटकाचा गुण समजत होतो, तो स्फोटकाचा नाहीच. तो तुमच्या खोलीचा आहे. सात टेबलं आणि टेबलामागे सहा घरं, एवढ्याच मापाचा. पन्नास वर्षं आम्ही तुमची खोली खांद्यावर घेऊन फिरतोय. बॉसना सांगितलं तर ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मग मला सातव्या टेबलाची आठवण झाली. तळघरात तुमचे मूळ कागद आहेत, खोकी भरून. ते पान सापडलं. मी यंत्रावर तुमचं अख्खं गणित बेचाळीस घरांनिशी पुन्हा केलं, एकदा त्या जागी सात घालून आणि एकदा एक घालून. आत्या, काही फरक नाही. चार ओळींत मध ती चूक गिळून टाकतो. शेवटी लाट त्याच वेळेला पोचते.

शिवाय तुमच्या कागदांवर लाट प्रयोगापेक्षा उशिरा पोचते, ती काही सातव्या टेबलावर आल्यावर नाही, पहिल्यापासूनच उशिरा होती. प्रयोगात कांडीवर टाचण्या टोचून लाट कुठे केव्हा पोचली ते मोजलं होतं, ती वहीही मिळाली. दुसऱ्या टेबलाच्या हद्दीतल्या टाचणीलाच उशीर दिसतो, पुढे तो वाढत जातो. घरं मोठी असल्याचा तो परिणाम. ही वही तेव्हा कुणी उघडून बघितली नाही का?

सातच्या पोटाशी खोडल्याचा पुसट डाग आहे. बहुतेक सातवीनं काहीतरी खोडलं आणि रेघ परत मारायला विसरली. तेव्हा निष्काळजीपणा तिचाच, पण नुकसान काही नाही, असं मी लिहितेय. बरोबर ना?

भुंगी

---

१४ मार्च

आत्या,

उत्तर नाही. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या तू रोज फिरायला जातेस, गुडघाही बरा आहे. मग रुसलीस का? मी काही चुकीचं लिहिलं का? प्रकरण दोन आठवड्यांत द्यायचंय.

भुंगी

---

१९ मार्च

भुंगे,

चुकीचं तू लिहिलं नाहीस. तसं लिहिलं जावं म्हणून मीच एकदा व्यवस्था केली होती.

सातच्या पोटात रेघ होती. सातवी कधीच विसरली नाही. खोलीत आकडे इंग्रजीत लिहायचे आणि इंग्रजी सात व एक घाईत सारखे दिसतात, म्हणून रेघेचा नियम केलेला. तो नियमसुद्धा तिनंच सुचवला होता. ती आधी रेघ मारायची आणि मग तिच्यावर सात चढवायची. आम्ही हसायचो, की बाई आधी कमरपट्टा बांधते आणि मग नेसते.

ती रेघ मी खोडली.

प्रयोगात लाट लवकर पोचली, आमच्या कागदांवर उशिरा. साहेब खोलीत येऊन म्हणाले, "चूक कुठे आहे ती पुढच्या शनिवारपर्यंत सापडली पाहिजे. नाहीतर ही खोली बंद. पुढच्या महिन्यात यंत्र येतंच आहे, ते चुकत नाही." मी नऊ दिवस प्रत्येक आकडा तपासला. चूक नव्हती. टाचण्यांची वही मी उघडली होती, भुंगे. उशीर पहिल्यापासून आहे हे मला दिसलं होतं. का आहे ते कळलं नाही. साहेबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मी कारण मागितलेलं नाही, चूक मागितली आहे."

मग मी त्यांना चूक दिली. रेघ खोडलेला सात दाखवला, शेजारणीनं तो एक वाचला म्हटलं, आणि पुढचे आकडे कुणी ताडून बघितले नाहीत. सहाजणींची नोकरी वाचली. साहेबांनी सगळीच पानं पुन्हा करून घेतली, त्याच वेळी मधाचा आकडाही हळूच कमी केला, आणि उत्तर जुळलं. सगळ्यांना वाटलं, सात दुरुस्त केला म्हणून जुळलं. पुढे कुणी हात लावू नये म्हणून शेराही त्यांनीच लिहायला लावला.

सातवीला काढलं नाही. पण खोलीत कुणी तिच्याशी बोलेना. पंधरा दिवसांनी ती आपणहून गेली.

हे तुझ्या प्रकरणात घाल. माझ्या नावानिशी घाल.

आत्या

---

२३ मार्च

आत्या,

मला तुझं पत्र ऑफिसात मिळालं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, एक बैठक उरकली, आणि परत काढून वाचलं. बदललेलं नव्हतं.

आता मी जे विचारणार आहे ते विचारू नये असं दोन दिवस स्वतःला सांगितलं. पण तूच मला शिकवलंस, की उत्तर जुळलं म्हणून तपासणं थांबवायचं नसतं.

सहाजणींसाठी, असं तू लिहिलंस. त्याच खोक्यात नव्या यंत्रावर शिकायला पाठवण्याचा आदेश आहे. एकच जागा. सहीची तारीख सात सापडला त्याच्या दोन दिवसांनंतरची. टाइप केलेल्या एका नावावर काट मारलीय आणि वर शाईनं तुझं नाव लिहिलंय. खालचं नाव वाचता येतं.

मी आठवीत असताना तू मला भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा आणून दिला होतास. मी त्या कार्डांतून दिव्याकडे बघायचे. त्यामुळेच मी या कामात आले, हे तुला ठाऊक आहे. म्हणून विचारतेय.

प्रकरण मी मागे ठेवलंय. संपादक चिडलेत, चिडू देत.

भुंगी

---

२७ मार्च

भुंगे,

होय.

तो आदेश टाइप झाल्यावर तपासायला माझ्याकडेच आला होता, शनिवारच्या आधी तीन दिवस. त्यावर तिचं नाव होतं. योग्यच होतं. ती माझ्याहून हुशार होती, आणि आरामखुर्चीत बसून तिनं त्या यंत्राची माहितीपुस्तिका दोनदा वाचून काढली होती. माझी एकदाही पूर्ण वाचून झाली नव्हती. खोडायला कागद शोधताना मी पहिली ते सहावी सोडून नेमकी सातवीच्याच पानांवर का गेले, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

सहाजणींचं खोटं नाही. पण ते मधासारखं आहे. टोकदार गोष्ट तीन-चार घरांत पसरून ठेवली की टोचत नाही. मी पन्नास वर्षं ती पसरून ठेवली.

तू दिव्याकडे बघत होतीस ती कार्डं तिची होती. निदान तिला मिळायची होती. तू ती टाकू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही.

काल मी तिला पत्र लिहिलं. पत्ता शोधावा लागला नाही, मला तो कायम ठाऊक होता. नदीपलीकडच्या गल्लीत तिचं चष्म्याचं दुकान आहे. इथून बसनं दीड तास. मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत चारदा जाऊन परत आले आहे. तुला जे लिहिलं तेच तिला लिहिलं, घरं अर्धी केल्यावर काय होतं तेही. एक ओळही गोड केली नाही.

आत्या

---

९ एप्रिल

खोडरबर,

पत्र मिळालं. सुनेकडून वाचून घेतलं. ती मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हटलं, "वाच गं, मला माहीत असलेलंच आहे."

कागदाखाली कार्बन असायचा हे तू विसरलीस. तू वरच्या कागदावरची रेघ खोडलीस, कार्बनखालची प्रत माझ्या खणात होती. त्यात सातला रेघ आहे. त्याच दुपारी मी ती बघितली. खोडरबर खोलीत एकच होतं, तेव्हा फार डोकं चालवावं लागलं नाही.

का दाखवली नाही, म्हणशील. दाखवली असती तर तुला काढलं असतं, आणि तेवढा राग त्या दिवशी आला नव्हता. मी वाट बघत होते, की तू येशील आणि सांगशील. पंधरा दिवस बघितली. राग नंतर आला, सावकाश, आणि चांगला मुक्कामाला राहिला. तू गल्लीच्या तोंडाशी यायचीस ते मला माहीत आहे. दुकानाचा आरसा रस्त्याच्या बाजूला आहे, गिऱ्हाइकाला फ्रेम बघायला. दोनदा दिसलीस. मी हाक मारली नाही. माझ्या हाकेची वाट बघण्याची पाळी तुझी होती.

माफीबिफी मागितलीस, ती ठेव तुझ्याजवळ. मला दुसरंच विचारायचंय.

माझा सात बरोबर होता, तर मग लाट उशिरा का, हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. भिंगं घासताना तो डोक्यात असायचा. मुलं मोठी झाल्यावर मी भंगारवाल्याकडून आपल्यासारखंच हँडलचं यंत्र आणलं आणि घरं अर्धी केली. चौऱ्याऐंशी. सातही टेबलांचं काम एकटीनं. नवरा म्हणायचा, दुसऱ्यांच्या बायका स्वेटर विणतात. घर अर्धं केलं की क्षणही अर्धा करावा लागतो, म्हणजे काम चौपट. पण लाट आधीपेक्षा लवकर निघाली हे मला शंभराव्या ओळीतच दिसलं. मी मध बदलला नव्हता. घरंच मोठी होती, हे मला अठरा वर्षांपूर्वी कळलं. सांगायचं कुणाला?

तीनशे अकराव्या ओळीला थांबले. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं आणि डोळ्यांनीच दगा दिला.

तुझ्या भाचीला म्हणावं, ओळ तीनशे अकरा, घर त्रेपन्न, दाब. माझ्याकडे काय आलंय ते मी सांगत नाही. तिच्या मशीनला काय येतं ते तिनं लिहावं. सुरुवातीचे आकडे आणि साहेबांनी बदलण्याआधीचा मध घ्यायचा.

सातवी

---

२१ एप्रिल

प्रिय आत्या,

सातवींचं पत्र तू पाठवलंस ते मी जपून ठेवलंय. कामाचं आधी सांगते.

पहिल्यांदा केलं तेव्हा उत्तराच्या शेवटी सहा आला. पाठवणारच होते. मग आठवलं, मशीन पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत धरून ठेवतं, तुम्ही तर प्रत्येक पायरीला दशांशाच्या चौथ्या जागेवर तोडायचात. मग मी मशीनला तुमच्या खोलीत बसवलं. प्रत्येक गुणाकारानंतर तोड, मग पुढे जा, असं शिकवायला आठ दिवस लागले. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

आता शेवटी सहा येत नाही. छापील कागद सोबत आहे. मी तो पाकिटात बंद केलाय. तू उघडू नकोस, तिच्यासमोर उघड.

बॉसनी मधावरचा 'हात लावू नये' हा शेरा काढायला सांगितलाय. तिथे काय लिहायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. प्रकरणात दोघींची नावं येतील, तिनं हो म्हटलं तर. तुझ्या कबुलीचं पान तू सही करून पाठवलंस, ते मिळालं. मला अजून थोडा राग आहे. पण पुढच्या महिन्यात मी येतेय, गुडघ्याचा पट्टा घेऊन.

भुंगी

---

६ मे

प्रिय भुंगे,

गुरुवारी जाऊन आले.

गल्लीच्या तोंडाशी सवयीनं थांबले. मग आरशाची आठवण झाली, म्हणजे थांबूनही उपयोग नव्हता. आत गेले. ती काउंटरमागे बसली होती, केस पांढरेफटक, पण मान तशीच वाकडी करून बघते. म्हणाली, "उशीर झाला."

मी म्हटलं, "पहिल्या टाचणीपासूनच."

ती हसली नाही. मागच्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर ते यंत्र, आणि वह्यांची ही थप्पी, माझ्या कमरेएवढी. तिनं शेवटची वही काढली, पान बोटांनी चाचपून शोधलं आणि पालथी घातली. "आधी तुझं उघड," म्हणाली. मी पाकीट फाडलं आणि वाचलं. दोन पूर्णांक, मग शून्य, चार, एक, सात.

तिनं वही उलटी केली. तिच्या अक्षरात तेच होतं. दोन, शून्य, चार, एक, सात. सातच्या पोटात रेघ.

मग तिनं भिंग घेऊन तुझा छापील कागद अगदी नाकाशी धरला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या भाचीच्या मशीनच्या सातला रेघ नाही."

"मशीन मारत नाही गं," मी म्हटलं.

तिनं ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "मग तू मार."

मारली. तिनं पुन्हा भिंग लावून तपासलं, अगदी मी तपासायचे तसं, दोन्ही बाजूंनी. "वाकडी आहे," म्हणाली. "चालेल."

चहा झाला. पुस्तकात नाव घालायला तिची हरकत नाही, पण 'निष्काळजी' हा शब्द कुठेही नको, आणि 'आरामखुर्ची' हवाच. मग तिनं वहीचं कोरं पान काढलं, त्यावर तीनशे बारा लिहायला लावलं आणि यंत्र माझ्याकडे सरकवलं. मी आकडे वाचायचे आणि हँडल फिरवायचं, पुढे काय करायचं ते ती सांगणार. तुझ्या मशीननं हे सगळं कधीच संपवलंय असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ते त्याचं झालं."

पाच वाजेपर्यंत अकरा घरं झाली. खांदा भरून आलाय. दर गुरुवारी जायचं ठरलं आहे. पेन्सिल तिच्याकडे आहे, पट्टी मी न्यायची.

खोडरबर मात्र आणायचं नाही, असं तिनं बजावलंय.

आत्या